आंबली की नासली? वाइल्ड यीस्टच्या आंबट बिअरची छोटी ब्रुअरी पहिल्यांदा पाहायला जाताना

ताक, इडलीचं पीठ, नाचणीची आंबील, वसई-विरारकडची ताडी. आंबवलेल्या चवी आपल्याला नव्या नाहीत. तरीही आंबट बिअरचा पहिला घोट घेतल्यावर बहुतेक जण ग्लास खाली ठेवतात आणि म्हणतात, "ही खराब झालीये." कधीकधी ती खरंच खराब झालेली असते. पण बहुतेक वेळा ती जशी व्हायला हवी तशीच झालेली असते. आंबणं आणि नासणं यांतला फरक दह्याच्या बाबतीत आपण नुसत्या वासावरून सांगतो. बिअरच्या बाबतीतही तो सांगता यावा, यासाठी हे मार्गदर्शन.

मुंबईत आणि आसपास ब्रुअरी पाहायला जाणं आता अवघड राहिलेलं नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर हा धंदा मुंबईत लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांपर्यंत आणि अंधेरीपर्यंत पसरला. पण नेहमीची ब्रुअरी पाहणं वेगळं आणि जिथे वाइल्ड यीस्टवर, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या यीस्टच्या जंगली जातींवर काम चालतं ती जागा पाहणं वेगळं. तिथे शिरायचे नियम निराळे, पाहायच्या गोष्टी निराळ्या आणि चाखायची रीतही निराळी.

१. आधी कळून घ्या, तिथे नेमकी कोणती आंबट बिअर बनते

मेन्यूवर "सावर", म्हणजे आंबट, एवढाच शब्द असतो. त्यामागे निदान तीन वेगळ्या पद्धती असू शकतात. हे न विचारता गेलात तर पिंपं बघायची म्हणून जाल आणि स्टीलची एक टाकी बघून परत याल.

केटल सावर ही सगळ्यांत झटपट पद्धत. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस, म्हणजे वर्ट, किटलीतच (ब्रुअरीच्या उकळायच्या मोठ्या भांड्यात) ३५ ते ४५ अंश सेल्सियसला ठेवतात आणि त्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडतात. दही लावल्यासारखाच हा प्रकार. एक-दोन दिवसांत पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आंबट) ५.२ च्या आसपासवरून ३.३ पर्यंत उतरतो. मग रस उकळून जिवाणू मारतात आणि पुढे नेहमीचं यीस्ट घालतात. दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार. चव स्वच्छ, सरळ आंबट. यात वाइल्ड यीस्टचा संबंध नसतो. पद्धत वाईट नाही, फक्त तिला "वाइल्ड" म्हणू नये.

मिक्स्ड कल्चर म्हणजे घरच्या विरजणासारखं. ब्रुअर स्वतःचं एक मिश्रण जोपासतो: नेहमीचं सॅकरोमायसीस यीस्ट, ब्रेटॅनोमायसीस नावाचं जंगली यीस्ट, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हा आंबटपणा आणणारा दुसरा जिवाणू. हे सगळे एकाच पिंपात महिनोन् महिने काम करतात. ब्रेटॅनोमायसीसला सगळे नुसतं "ब्रेट" म्हणतात. १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लॉसेन या शास्त्रज्ञाने त्याची ओळख पटवली, तीही इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये. म्हणून नावातच "ब्रिटनचं" आलं. मुंबईत वाइल्ड बिअर पाहायला मिळाली तर बहुधा हीच पद्धत मिळेल.

तिसरी पद्धत हवेवर सोडण्याची. बेल्जियममध्ये ब्रुसेल्स आणि सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक अशी बनते. उकळलेला वर्ट पसरट, उथळ, उघड्या टाकीत रात्रभर ठेवतात. या टाकीला कूलशिप म्हणतात. हवेतून, छतातून, लाकडातून जे काही येईल त्यावर वर्ट आंबतो. हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांतच करतात. ब्रुसेल्समध्ये १९०० पासून चालू असलेली काँतियाँ ब्रुअरी आजही तसंच करते, आणि ती संग्रहालयासारखी पाहताही येते.

मुंबईत हे जसंच्या तसं का जमत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. जानेवारीच्या रात्रीही इथे पारा सहसा १५ च्या खाली उतरत नाही, आणि हवेत दमटपणा भरपूर. उघड्या टाकीतला वर्ट हळूहळू गार होतो, बराच वेळ कोमट राहतो आणि त्या वेळात नको ते जिवाणू आधी ठाण मांडतात. त्यांच्यामुळे शिजवलेल्या कोबीसारखा, कधी उलटीसारखा वास येतो. त्यामुळे इथे कोणी "मुंबईच्या हवेवर आंबवलेली" असं सांगितलं तर आदराने विचारा: वर्ट आधी यंत्राने गार केला होता का? कोणत्या महिन्यात? किती तास उघडा होता? नीट काम करणारा ब्रुअर आकड्यांत उत्तर देतो.

चौथाही एक मार्ग आहे आणि तो आपल्याकडे फार शोभतो: फळांच्या सालीवरून किंवा फुलांवरून यीस्ट धरायचं. जांभूळ, करवंद, मोहाची फुलं यांवर यीस्ट असतंच. ते लिटर-दोन लिटर वर्टमध्ये वाढवून बघतात. वास चांगला, पीएच ४.५ च्या खाली आणि अल्कोहोल पुरेसं झालं तरच पुढे नेतात. अशा दहा प्रयत्नांतले बरेचसे मोरीत जातात.

एक चकवा: कोकम किंवा चिंच घातलेली बिअर आंबट लागते ती फळामुळे. त्यात आंबवण्याचा आंबटपणा असेलच असं नाही.

२. फोन करा, आणि योग्य दिवस निवडा

टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीतल्या बसून प्यायच्या जागेत, नुसतं प्यायला जायचं तर फोनची गरज नाही. आतलं काम पाहायचं असेल तर आठवडाभर आधी फोन करून वेळ घ्या. छोट्या जागेत दोन-तीन माणसंच काम करतात. ब्रू करायच्या दिवशी सकाळी सातपासून त्यांचे हात गुंतलेले असतात आणि बाटल्या भरायच्या दिवशी तर कोणाला बोलायलाही सवड नसते. मंगळवार-बुधवारची दुपार बहुधा बरी पडते. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी कोणी पिंपांपाशी नेईल ही आशा ठेवू नका.

फोनवर एवढं विचारून घ्या: पिंपं इथेच आहेत की दुसऱ्या गाळ्यात? आत किती जणांना नेता? टेस्टिंगमध्ये आंबट बिअर किती आहेत? बाटली घरी न्यायला मिळते का? शेवटचं उत्तर त्या जागेच्या परवान्यावर अवलंबून असतं, म्हणून गृहीत धरू नका.

ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे सगळ्यांना ठाऊक असतात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास लोक विसरतात. सणांचे ड्राय डे दरवर्षी आदेश पाहूनच ठरतात.

३. सोबत काय न्यायचं

- वयाचा मूळ पुरावा: आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. पिंपात मुरवलेली आंबट बिअर बऱ्याचदा ५ टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे २१ ते २५ मधल्यांनी फोनवरच विचारून ठेवावं.
- मद्य सेवन परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य विकत घेणं, बाळगणं आणि पिणं यासाठी तो लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांत दुकानात किंवा बारमध्येच मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत आणि आजन्म १००० रुपयांत राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. बाटली घेऊन घरी यायचं असेल तर तो जवळ असलेला बरा.
- पायाची बोटं पूर्ण झाकणारे, न घसरणारे बूट. सँडल, कोल्हापुरी, फ्लोटर्स नकोत. फरशी सतत ओली असते आणि धुलाईला कॉस्टिक सोडा वापरतात.
- छोटी वही आणि पेन. मोबाइलवर लिहायला गेलं की लक्ष तुटतं आणि ओल्या हातांनी ते जमतही नाही.
- साधा लादीपाव, बटर-मसाला काही न लावलेला. दोन चवींच्या मध्ये तोंड कोरं करायला त्यासारखं दुसरं काही नाही.
- बाटली आणायची असेल तर जाड कापडी किंवा थर्मल पिशवी.

अत्तर, परफ्यूम, सुगंधी तेल त्या दिवशी नको. तुमच्यासकट टेबलावरच्या सगळ्यांचं नाक त्याने बंद होतं. पान, मिंट, कडक चहा-कॉफी हे अर्धा-पाऊण तास आधी थांबवा.

आणि रिकाम्या पोटी जाऊ नका. पीएच ३.३ च्या चार बिअर रिकाम्या पोटात गेल्या की रात्रभर छातीत जळजळ होते. ज्यांना मुळातच ॲसिडिटी किंवा अल्सर आहे, युरिक ॲसिड वाढलेलं आहे, ग्लुटेन चालत नाही, किंवा मेट्रोनिडॅझोलसारखी औषधं चालू आहेत, त्यांनी पाहायला जरूर जावं, प्यायला नको.

४. जाणं आणि येणं

गाडी नेऊ नका. रक्तात दर १०० मिलीला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि चार छोट्या ग्लासांच्या टेस्टिंगमध्येही ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "एवढंसं तर प्यायलोय" हे नाकाबंदीत कोणी ऐकत नाही.

लोअर परळला पश्चिम रेल्वेने उतरता येतं, मध्य रेल्वेवाल्यांना करी रोड जवळ. काही छोट्या ब्रुअरी उपनगरांपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यांत असतात; तिथे स्टेशनवरून रिक्षा करावी लागते आणि संध्याकाळी सातनंतर परतीची रिक्षा मिळणं कठीण होतं, म्हणून ती आधीच बोलून ठेवा. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक पाहून निघा. परतताना लक्षात ठेवा, रेल्वेच्या आवारात नशेत असणं हाही गुन्हा आहे.

५. आत शिरल्यावर

सगळ्यांत महत्त्वाचा नियम: आधी स्वच्छ बाजू, मग जंगली बाजू, आणि परत मागे वळायचं नाही.

एकाच ब्रुअरीत साधी लागर आणि वाइल्ड बिअर दोन्ही बनत असतील, तर ब्रेट आणि पेडिओकॉकस लागरच्या टाकीत पोहोचणं म्हणजे मोठं नुकसान. स्टील धुऊन निघतं. रबरी गॅस्केट, पाइप, प्लास्टिक यांच्या बारीक चरांत हे जीव लपून बसतात. म्हणून चांगल्या ठिकाणी दोन बाजूंचे पाइप, पंप, बादल्या, ब्रश सगळं वेगळं असतं आणि जंगली बाजूच्या सामानाला रंगीत पट्टी लावलेली असते. पिंपावर हात ठेवून तोच हात लागरच्या नळाला लावू नका. घरी बिअर, वाइन किंवा कोंबुचा बनवत असाल तर आधी सांगून टाका. तुमच्या कपड्यांवरून, हातांवरून काय येईल याची त्यांना काळजी असते.

उघड्या टाकीत डोकं घालून वास घेऊ नका. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तोंडाशी साठतो आणि एका श्वासात चक्कर आणतो. वास हवा असेल तर ब्रुअर नमुना काढून देईल.

लहान मुलांना आत नेऊ नका.

६. काय पाहायचं

तांब्याची चकाकती किटली फोटोत छान दिसते, पण आंबट बिअरची खरी गोष्ट मागच्या खोलीत असते.

पहिल्यांदा तापमान बघा. भिंतीवर थर्मामीटर असेल. पिंपांची खोली १५ ते २० अंशांच्या दरम्यान, आणि वर्षभर तशीच हवी. मुंबईच्या साध्या गाळ्यात मे महिन्यात ३५ अंश होतात. त्या उष्णतेत लाकडातून बिअर लवकर उडते, पिंपात रिकामी जागा वाढते, हवा शिरते आणि ॲसिटोबॅक्टर जागा होतो. मग व्हिनेगर. वीज गेली तर एसी किती वेळ चालतो, हा प्रश्न मुंबईत अगदी योग्य आहे.

मग पिंपं. २२५ किंवा २२८ लिटरची ओक लाकडाची, बहुतेक आधी वाइनसाठी वापरलेली. लहान पिंपात लाकडाचं अंग बिअरच्या मानाने जास्त, म्हणून हवाही जास्त शिरते. मोठ्या लाकडी टाक्यांत ती कमी. प्रत्येक पिंपावर खडूने किंवा चिकटपट्टीवर तारीख, पीएच आणि घनता लिहिलेली असायला हवी. काहीच लिहिलेलं नसेल तर मनात नोंद करा. पिंपाच्या सपाट बाजूवर एक छोटा खिळा दिसला तर तो स्टीलचा असतो. तो काढून नमुना घेतात, म्हणजे वरचं बूच उघडून आतली साय मोडावी लागत नाही.

ही साय पाहायला मिळाली तर नशीब. काचेच्या बरणीत कल्चर ठेवलेलं असेल तर त्यावर पांढरट, सुरकुतलेला, कधी बुडबुड्यांचा थर दिसतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. ही बुरशी नव्हे. यीस्ट आणि जिवाणूंनी हवेपासून घातलेलं पांघरूण आहे. हिरवी, काळी, केसाळ दिसली तर ती बुरशी, आणि तसं पिंप फेकायचंच असतं.

काळाचा क्रम समजून घ्या, कारण एकाच खोलीत वेगवेगळ्या वयाची पिंपं बघताना त्याचाच उपयोग होतो. लॅम्बिकसारख्या बिअरमध्ये पहिले काही आठवडे आतड्यांतल्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू असतात, त्यामुळे एवढी कोवळी बिअर कोणी चाखायला दिली तर नको म्हणा. मग सॅकरोमायसीस येतं आणि बहुतेक साखर खातं. तीन-चार महिन्यांनंतर पेडिओकॉकस आंबटपणा वाढवतो, आणि याच काळात बिअर कधीकधी तार सुटलेल्या पाकासारखी बुळबुळीत होते. नवखा ब्रुअर इथेच घाबरून पिंप ओतून टाकतो. ब्रेट सावकाश काम करतं. आठव्या महिन्यापासून पुढे ते तो बुळबुळीतपणा मोडतं, लोण्यासारखा वास खाऊन टाकतं आणि नेहमीच्या यीस्टला न पचणारी उरलेली साखरही संपवतं. म्हणून या बिअरला दीड-दोन वर्षं लागतात. लॅम्बिकची एक, दोन आणि तीन वर्षांची पिंपं एकत्र करून ग्यूझ तयार करतात. कोवळी बिअर बाटलीत फसफस आणते, जुनी बिअर चवीला खोली देते.

हॉप्सची (बिअरला कडूपणा देणाऱ्या वाळवलेल्या फुलांची) पोती दिसली तर वास घ्या. नेहमीच्या बिअरला ताजे, सुगंधी हॉप्स हवेत. इथे मुद्दाम वर्षानुवर्षं ठेवलेले, वास उडालेले, चीजसारख्या वासाचे हॉप्स वापरतात. कडूपणा नको, पण लॅक्टोबॅसिलसला आवर घालणारा गुण हवा.

७. काय विचारायचं

यादी वाचून दाखवू नका. बोलता बोलता विचारा. नाव कळलं की "दादा", "ताई" म्हणून बोलायला हरकत नाही, ब्रुअर मंडळी बहुतेक मोकळी असतात.

आंबटपणा कोणाकडून येतो: लॅक्टो, पेडिओ की फळ? कल्चर कुठून आणलं आणि किती वेळा वापरलं? पिंपात आधी काय होतं? या बिअरमध्ये किती पिंपं एकत्र केली आहेत? शेवटचं पिंप कधी ओतून दिलं आणि का?

शेवटच्या प्रश्नावर चेहरा बघा. वाइल्ड यीस्टवर काम करणारा आणि कधीच काही न फेकणारा, हे एकत्र नांदत नाही. "गेल्या पावसाळ्यात दोन पिंपांचं व्हिनेगर झालं" असं सांगणारा माणूस विश्वासाचा. दरवेळी सगळं उत्तमच होतं म्हणणाऱ्याची बिअर जरा जास्त लक्ष देऊन चाखा.

"लॅम्बिक" या शब्दाबद्दलही विचारा. तो बेल्जियममधल्या त्या भागाच्या बिअरचा शब्द. दुसरीकडे बनवलेल्या बिअरला प्रामाणिक ब्रुअर "लॅम्बिक-शैलीची" किंवा "वाइल्ड एल" म्हणतात.

८. चाखण्याची रीत

चार ग्लास, प्रत्येकी ९० ते १०० मिली. एवढं पहिल्या भेटीला भरपूर आहे. चार ग्लास म्हणजे पिंटच्या बाटलीपेक्षा जास्तच होतात.

क्रम: आधी केटल सावर किंवा हलकी गोझ. गोझ ही जर्मनीतली, मीठ आणि धणे घातलेली गव्हाची आंबट बिअर. आपल्या जिभेला ती पटकन ओळखीची वाटते. मग साधी ब्रेट बिअर, मग मिक्स्ड कल्चर, सगळ्यांत शेवटी फळ घालून पिंपात मुरवलेली. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच घोटाने जीभ बधिर होते आणि उरलेल्या तीन बिअर पाण्यासारख्या लागतात.

बर्फगार मागू नका. ८ ते १३ अंश योग्य. ३-४ अंशांना वास उमलतच नाही आणि फक्त आंबटपणा उरतो. ग्लास वाइनच्या ग्लाससारखा, वरून अरुंद.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. पहिला घोट जिभेला धक्का देतो, लाळ सुटते. खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला कळते. मध्ये पावाचा तुकडा आणि पाणी. आणि शब्द आपले वापरा: लिंबासारखं आंबट की दह्यासारखं? कच्च्या कैरीचं की चिंचेचं? तुरट आहे का, आवळ्यासारखी? गोठ्याचा वास, ओल्या घोंगडीचा, सुक्या गवताचा, जुन्या लाकडी कपाटाचा? "फंकी" लिहून मोकळं झालात तर आठवड्यानंतर त्या वहीतून काहीच आठवणार नाही.

सोबत खायला मागवताना तेलकट आणि खारट बघा: बोंबील फ्राय, कोळंबी, चीज, खारे शेंगदाणे. आंबट बिअर तेलाचा चिकटपणा धुऊन काढते. ठेचा किंवा तिखट रस्सा नको. आंबट बिअरबरोबर तिखट जास्त झोंबतं.

घरी गेल्यावर लगेच दात घासू नका. आम्लाने दातांवरचं कवच तात्पुरतं मऊ होतं. पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा.

९. नासलेली कशी ओळखायची

नाकात नेलपॉलिश रिमूव्हरचा वास गेला तर हवा शिरली आहे. किंचित असला तर काही जणांना चालतो, डोळ्यांत पाणी आणणारा असेल तर नाही. घशात जळणारं व्हिनेगर हीच खूण. जाहिरातीत काहीही लिहिलं असलं तरी व्हिनेगर म्हणजे आंबट बिअर नव्हे.

लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे पिंप लवकर उपसलं. ब्रेटला वेळ मिळाला नाही. ओतताना बिअर बुळबुळीत तारेसारखी पडली तर तीच गोष्ट.

सगळ्यांत फसवा दोष म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यासारखी, शिळ्या भाजलेल्या धान्यासारखी चव. ती वासात येत नाही. घोट गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी जिभेच्या मागे उमटते, कारण लाळेमुळे तोंडातला पीएच वाढतो आणि मगच तो पदार्थ मोकळा होतो. म्हणून गिळून थोडं थांबा आणि मग बोला. काहींना ही चव कळतच नाही, त्यामुळे टेबलावर वाद होतात. ब्रुअरला सांगा, बऱ्याचदा आणखी काही महिने ठेवल्यावर ती जाते.

औषधी पट्टीचा, लवंगेचा, धुराचा, ओल्या गोठ्याचा मंद वास हा ब्रेटचा स्वभाव आहे. तो दोष नाही. तो इतका वाढला की फळ, धान्य काहीच कळेना, तर मात्र ब्रुअरचा हात सुटला आहे.

१०. बाटली घरी आणलीत तर

या बाटलीत यीस्ट जिवंत असतं. ब्रेट बाटलीतही खात राहतं. घनता १.००४ असताना भरलेली बिअर हळूहळू १.००० पर्यंत आली, तर तेवढ्या घसरणीने साधारण दोन व्हॉल्यूम जादा वायू तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरइतक्याच आकारमानाचा वायू). साधी बिअरची बाटली तीन व्हॉल्यूमच्या आसपास बरी. त्यापुढे फुटायचा धोका. म्हणून चांगले ब्रुअर जाड काचेच्या, शॅम्पेनसारख्या बाटल्या, बूच आणि तारेची जाळी वापरतात. पातळ बाटलीत भरलेली जंगली बिअर घेऊच नका.

माळ्यावर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते. गाडीच्या डिकीतही तासभर नको. घरातला सगळ्यांत थंड, अंधारा कोपरा किंवा फ्रिजचा खालचा कप्पा, आणि बाटली उभी.

उघडायच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभी ठेवा, निदान २४ तास, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मोरीत किंवा सिंकवर धरून, चेहऱ्यापासून दूर, किंचित कलती करून बूच हळूहळू सोडा, आणि ग्लास हाताशी ठेवा. फेस वर धावला तर बाटली सरळ न करता ग्लासात ओतत राहा. एका दमात सगळे ग्लास भरा. बाटली परत परत सरळ केली की तळचा गाळ ढवळला जातो. शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. घरी कोणी बिअर बनवत असेल तर तो गाळ टाकू नका, त्यात ब्रुअरीचं विरजण आहे. उकळून गार केलेल्या थोड्या वर्टमध्ये ते वाढतं. भांडी मात्र वेगळी ठेवायला सांगा.